बिनमातीचा टोमॅटो आणि बिनजमिनीचा माणूस

जुलै २०२३ मध्ये शहरांच्या किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेला, आणि मध्यमवर्गीय घरांतल्या सारापासून राष्ट्रीय दूरदर्शन वाहिन्यांपर्यंत एकच हलकल्लोळ उडाला. केंद्र सरकारने नाफेड आणि ग्राहक सहकारी महासंघ यांच्यामार्फत स्वस्त टोमॅटो विकला. ऑगस्टमध्ये नेपाळमधून आयात केली. सप्टेंबर उजाडला तेव्हा नाशिक जिल्ह्यात भाव इतके कोसळले होते की शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतत होते. दोनच महिन्यांत एका पिकाने ग्राहक आणि उत्पादक या दोघांनाही रडवले. मधले मात्र कोणी रडल्याचे ऐकिवात नाही.

या गदारोळात एका जुन्या उपायाला नवी झळाळी मिळाली. मातीविना शेती, म्हणजेच हायड्रोपोनिक्स. पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या मांडवाखाली, नळ्यांतून खेळणाऱ्या खतपाण्यावर, तारांना टांगलेल्या वेलींवर लालबुंद टोमॅटो. शेजारी संगणकाची नोकरी सोडून आलेला हसतमुख तरुण. असली छायाचित्रे पुरवण्यांतून नेमाने छापून येत असतात. ऊन-पाऊस-मातीच्या लहरीतून शेती एकदाची सुटली, असा त्यांचा सांगावा असतो.

समाजवादी कार्यकर्त्याची अशा वेळी दोन प्रकारे फसगत होते. तंत्र नवे म्हणजे ते पुरोगामीच, असे मानून तो टाळ्या वाजवतो. किंवा ते भांडवलदारांचे खेळणे आहे असे म्हणून त्याकडे पाठ फिरवतो. दोन्ही प्रतिक्रिया आळशीपणाच्या आहेत. कोणतेही तंत्र कोणाच्या हाती गेले, त्याचे ज्ञान कोणाच्या कुलपात राहिले आणि त्याचा धोका कोणाच्या डोक्यावर बसला, हे तपासल्याशिवाय त्याविषयी मत देता येत नाही. आणि ते तपासायचे तर आधी तंत्र समजून घ्यावे लागते.

वनस्पतीला माती लागत नाही. मातीतून मिळणारे पाणी, क्षार, प्राणवायू आणि आधार लागतो. जर्मनीत सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकातच क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून हे सिद्ध केले होते. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि बाकीची सूक्ष्मद्रव्ये योग्य प्रमाणात पाण्यात विरघळवली, द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखला, की टोमॅटो येतो. कॅल्शियम नायट्रेट मात्र सल्फेट आणि फॉस्फेट यांच्या संहत द्रावणात मिसळायचे नसते, नाहीतर तळाशी चुनखडीसारखा साका बसतो आणि झाड उपाशी राहते; म्हणून टाक्या दोन लागतात. एवढे ज्ञान दहावी उत्तीर्ण मुलीला आठवड्याभरात शिकवता येईल. त्यात गूढ असे काही नाही.

गूढ नसले तरी अडचण आहे, आणि ती हवामानाची आहे. या शेतीचे जे रूप आज अनुदानाच्या कागदांवर मिरवते ते हॉलंडसारख्या थंड देशात घडले. तेथे काचघराचे काम ऊब धरून ठेवण्याचे असते. आपल्याकडे तोच मांडव ऊब कोंडून ठेवतो. टोमॅटोची फळधारणा रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असते; रात्री पंधरा ते वीस अंशांच्या आसपास तापमान असले तर ती उत्तम होते. दिवसाचा पारा पस्तिशीकडे गेला आणि रात्रही चोवीस-पंचवीसच्या खाली उतरली नाही, की परागकण निकामी होतात आणि फुले नुसतीच गळतात. झाड हिरवेगार दिसते, मालकाला वाटते की खत लागू पडले, आणि फळ मात्र धरत नाही.

त्याहून मोठी खोड मुळांशी आहे. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. नेमक्या याच वेळी मुळांचा श्वास वेगाने चालू लागतो, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मुळे गुदमरतात आणि तपकिरी पडतात. पिथियमसारखी बुरशी अशा गुदमरलेल्या मुळांवर तुटून पडते. द्रावण फिरते असेल तर ती एका झाडावरून साऱ्या ओळीत पोहोचते. जमिनीत जी साथ पसरायला आठवडे लागले असते, ती नळीतून एका रात्रीत प्रवास करते. पातळ प्रवाहाच्या पद्धतीत मुळांभोवती पाण्याचा साठा नसतो. एप्रिलच्या दुपारी वीज गेली, पंप थांबला, की काही तासांत वेली माना टाकतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील विजेचे वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे, त्याला यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय म्हणून ओले पॅड आणि मोठे पंखे बसवतात. पाणी वाफ होऊन हवा थंड करते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चालतो. कोकणाच्या दमट हवेत किंवा आषाढात पाण्याची वाफच नीट होत नाही, मग पंखे नुसते वीज खातात. शिवाय मुळाशी वाचवलेल्या पाण्याचा काही भाग येथे पॅडवर खर्ची पडतो, ही गोष्ट पाणीबचतीचे आकडे सांगणारे बहुधा विसरतात. बचत खरी आहे, पण जाहिरातीतली नव्हे.

उत्पन्नाच्या आकड्यांचेही असेच आहे. हॉलंडच्या काचघरात चौरस मीटरमागे वर्षाला पन्नास ते सत्तर किलो टोमॅटो निघतो; भारताची उघड्या शेताची सरासरी हेक्टरी पंचवीस टनांच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो. हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले की भारतीय शेतकरी अडाणी ठरतो. परंतु पहिला आकडा जवळजवळ वर्षभर चालणाऱ्या पिकाचा आहे आणि त्यात कृत्रिम ऊब, कोंडलेला कर्बवायू, बऱ्याच ठिकाणी दिवेसुद्धा आहेत. दुसरा चार-पाच महिन्यांच्या, काही ठिकाणी पावसावर सोडलेल्या पिकाचा. नारायणगावच्या बाजारात माल आणणारा जुन्नरचा कसलेला शेतकरी बांबू, तार आणि ठिबक यांच्या बळावर या सरासरीच्या कितीतरी पट काढतो. त्याचा प्रश्न उत्पादनाचा नाही. तोडलेला माल चार दिवस ठेवायला जागा नाही आणि भाव ठरवायचा अधिकार नाही, हा त्याचा प्रश्न आहे. त्यावर कोणतेही द्रावण निघालेले नाही.

मग हे महागडे मांडव उभे तरी कसे राहिले? सरकारी पैशावर आणि बँकेच्या कर्जावर. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले. २०१४-१५ पासून एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाखाली संरक्षित शेतीसाठी एका लाभार्थ्याला ४००० चौरस मीटरपर्यंत निम्म्या खर्चाचे अनुदान ठेवण्यात आले. ऐकायला हे उदार वाटते. पण अनुदान मागाहून येते, आधी मांडव उभारावा लागतो. त्यासाठी कर्ज लागते, कर्जासाठी तारण लागते, तारणासाठी सातबारा लागतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. या सरासरीच्या खाली जो आहे, त्याने हा दरवाजा बाहेरूनच पाहायचा. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला मातीविना शेतीच्या अनुदानासाठीही माती दाखवावी लागते! या विनोदाकडे अद्याप कोणा मंत्र्याचे लक्ष गेलेले दिसत नाही.

ज्यांनी धाडस केले त्या मध्यम शेतकऱ्यांचे काय झाले, हेही नोंदवले पाहिजे. मावळात आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अनेकांनी जरबेरा, कार्नेशन आणि ढोबळी मिरचीसाठी पॉलिहाऊस उभारले. वादळाने प्लास्टिक फाटले, प्लास्टिकच्याच फुलांनी बाजार खाल्ला, हप्ते थकले. २०१७ च्या राज्य कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा होती. यांची कर्जे तिच्या कितीतरी पट होती. त्यानंतर पॉलिहाऊस आणि शेडनेटधारक शेतकऱ्यांना कर्जमुक्तीसाठी रस्त्यावर उतरावे लागले. नफा झाला असता तर तो उद्योजकतेचा विजय म्हणून छापला गेला असता. तोटा मात्र शेतकऱ्याच्या अव्यवहारीपणाच्या खात्यावर जमा झाला. मांडव विकणारी, बियाणे विकणारी, विद्राव्य खते विकणारी मंडळी आपापले पैसे घेऊन केव्हाच पुढच्या तालुक्यात गेली होती.

याच व्यवहाराची दुसरी बाजू मोठ्या भांडवलाची आहे, आणि चळवळीने तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा. १९७५ पासून ती मर्यादा खाली आली, बारमाही बागायतीला १८ एकर आणि जिरायतीला ५४ एकर अशी. हा कायदा माती मोजतो. ज्या शेतीत मातीच नाही, तेथे एका एकरावर पूर्वीच्या दहा-पंधरा एकरांइतके उत्पादन आणि त्याहून कितीतरी अधिक भांडवल उभे राहू शकते, आणि तो मालक कायद्याच्या लेखी अल्पभूधारकच ठरतो. कराच्या बाबतीतही असेच. २०१८ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या हैदराबाद येथील विशेष पीठाने, बंदिस्त खोल्यांतून तबकांमध्ये अळंबी पिकवणाऱ्या एका कंपनीचे उत्पन्न शेतीचे उत्पन्न मानले. तबकातली माती हीसुद्धा मातीच, असा तो युक्तिवाद होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. परंतु शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत कोणाच्या ताटात पडते, हे त्यावरून दिसते.

आणि मांडवाखाली राबते कोण? टोमॅटोच्या फुलाला वाऱ्याचा किंवा मधमाशीचा हलकासा धक्का लागतो. जाळीबंद मांडवात दोन्ही नसतात. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यासाठी भुंग्यांच्या पेट्या ठेवतात. आपल्याकडे तारा हलवायला बाया असतात. फुटवे काढणे, पाने खुडणे, वेली उतरवून पुन्हा सुतळीने बांधणे ही सारी कामे त्यांचीच, आणि तीही बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश अधिक तापलेल्या, फवारणीचा वास न जाणाऱ्या हवेत. काम कारखान्यासारखे घड्याळावर चालते, मजुरी मात्र शेतमजुरीच्या दराने मिळते.

इतके सगळे लिहिल्यावर, हे तंत्र मोडीत काढा असाच निष्कर्ष निघेल, असे वाचकाला वाटेल. तो निघत नाही. कारण या तंत्राचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो उष्ण कटिबंधातल्या गरिबांच्या बाजूचा आहे.

सुरुवात खाजगी मालकीच्या भांडणानेच झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास टाक्यांतील द्रावणावर २५ फूट उंचीच्या टोमॅटोच्या वेली चढवून दाखवल्या आणि १९३७ मध्ये हायड्रोपोनिक्स हा शब्द रूढ केला. विद्यापीठाने सूत्र मागितले, तेव्हा हे काम आपण स्वतःच्या वेळात केले असल्याचे सांगून त्यांनी ते देण्याचे नाकारले. मग विद्यापीठाने होगलंड आणि अर्नॉन यांना तपास करायला सांगितले. १९३८ मध्ये त्या दोघांनी काढलेल्या पुस्तिकेत द्रावणाचे प्रमाण सर्वांसाठी खुले केले, आणि वर हेही बजावले की चांगल्या कसलेल्या मातीपेक्षा पाण्यातले पीक काही चमत्काराने अधिक येत नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत होगलंडचे द्रावण वापरतात. गुपित ठेवलेल्या सूत्राने नव्हे, फुकट वाटलेल्या पुस्तिकेने ही विद्या वाढवली, हे व्यापारी गोपनीयतेचे गोडवे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

उष्ण प्रदेशात हे तंत्र प्रथम पोहोचले ते विमानाचे प्रवासी आणि सैनिक यांच्यासाठी: प्रशांत महासागरातील वेक बेटावर १९३८ मध्ये, दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटावर १९४५ मध्ये. तेथे खर्चाचा प्रश्न नव्हता. तो प्रथम विचारला गेला बंगालमध्ये. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती. धान्य अजिबात नव्हते म्हणून नव्हे, तर ते विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती म्हणून, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्या दुष्काळानंतर तीनच वर्षांनी दार्जिलिंग जिल्ह्यात कालिंपाँगच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर शोल्टो डग्लस यांनी मातीविना शेतीचा प्रयोग हाती घेतला, आणि पहिले काम केले ते पंप, नळ्या, मोजणीची यंत्रे यांची हकालपट्टी करण्याचे. मिळेल त्या साहित्याचा उथळ हौद, त्यात खडीचा चुरा आणि वाळू. दोन ओळींमध्ये कोरडे खत मोजून भुरभुरायचे आणि वरून झारीने पाणी घालायचे. बस्स. १९५१ मध्ये या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक बंगाल पद्धत याच नावाने प्रसिद्ध झाले.

कालिंपाँग हे थंड हवेचे ठिकाण, हे खरे. मैदानातला उन्हाळा तेथे नाही. परंतु या पद्धतीतली शहाणीव नेमकी उष्ण हवेला उपयोगी पडणारी आहे. खडी-वाळूच्या थरात ओलही टिकते आणि हवाही खेळते, त्यामुळे मुळे गुदमरत नाहीत. वीज गेली तरी पीक मरत नाही, कारण विजेशी त्याचा संबंधच नसतो. एका हौदातला रोग दुसऱ्या हौदात नळीतून जात नाही. स्वतंत्र भारताच्या शासनाने हा धागा पुढे नेला असता, तर छपरावर आणि अंगणात भाजी पिकवणारी एक सार्वजनिक विद्या तयार झाली असती. ती तशीच पडून राहिली आणि साठ वर्षांनी आपण हॉलंडच्या मांडवाची नक्कल विकत घेतली.

क्यूबाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे सिमेंटच्या लांबट हौदांतून खडीवर हायड्रोपोनिक भाजी पिकत असे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, आयात खते आणि क्षार बंद झाले, आणि ते हौद रिकामे पडले. हवानाच्या लोकांनी त्यांत कुजवलेले खत आणि माती भरली. शहरी ऑर्गनोपोनिकोंची मोठी चळवळ त्यातूनच वाढली. क्यूबाने अन्नाचा प्रश्न सोडवला असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही, धान्यासाठी तो देश आजही आयातीवरच आहे. पण परक्या पुड्यावर चालणारे तंत्र पुडा बंद होताच कसे थांबते आणि हौद लोकांच्या ताब्यात असतील तर त्याच हौदांतून दुसरी वाट कशी निघते, हे तेथे पाहायला मिळाले. भारताचीही बरीचशी विशेष विद्राव्य खते चीनमधून येतात. २०२५ मध्ये तो पुरवठा अडला तेव्हा फळबागायतदारांची धावपळ उडाली होती.

महाराष्ट्रात हे काम कोठे करता येईल? सर्वांत आधी कोकणात. तेथील आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर रोग टोमॅटो-वांग्याची उभी झाडे एकाएकी सुकवतो, आणि जमिनीत घुसलेला हा जिवाणू वर्षानुवर्षे हटत नाही. अशा ठिकाणी माती टाळणे हा चैनीचा प्रकार नसून शहाणपणाचा मार्ग आहे. माध्यम म्हणून नारळाच्या सोडणाचा भुसा हाताशी आहे. हाच भुसा पोल्लाचीहून आणि श्रीलंकेतून युरोपच्या काचघरांत जातो. त्यातले मीठ धुऊन काढायला गोडे पाणी लागते, आणि ते खारट धुवण जमिनीत मुरून विहिरी बिघडल्याच्या तक्रारी पोल्लाचीच्या परिसरातून आल्या आहेत. म्हणजे पाणी येथले संपते आणि पाणीबचतीचे प्रशस्तिपत्र तिकडे लागते. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने कुजवलेला भुसा, त्यासाठीचे पोषकद्रव्य आणि मर रोगाला तोंड देणारा 'अर्का रक्षक' हा टोमॅटोचा वाण तयार केला आहे. ही सार्वजनिक पैशाने झालेली कामे आहेत. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने तासगावच्या द्राक्षबागायतदारांमध्ये आणि शहरांतल्या गच्च्यांवर दाखवून दिले होते की शेतीचे सूक्ष्म विज्ञान सामान्य माणूस पत्रे लिहून एकमेकांना शिकवू शकतो. सामग्री आहे, पूर्वपरंपराही आहे. अडले आहे ते धोरणाच्या पातळीवर.

त्यासाठी पक्षाच्या जिल्हा शाखांनी काही मागण्या नेमकेपणाने हाती घ्याव्यात. संरक्षित शेतीच्या अनुदानातला ठरावीक वाटा भूमिहीन आणि अल्पभूधारक स्त्रियांच्या गटांसाठी राखून ठेवावा आणि त्यासाठी सातबाऱ्याची अट काढावी. गावठाणातली जागा, शाळेची गच्ची, ग्रामपंचायतीचे आवार यांवर बिनविजेचे हौद बांधायला तो मिळावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने बंगाल पद्धतीची कोकणच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कसोटी घ्यावी आणि निकाल, अपयशासकट, मराठीत फुकट छापावेत. जून ते सप्टेंबर आणि एप्रिल-मे या काळांत टोमॅटोचा हट्ट न धरता माठ, पालक, मिरची घेता येते का, हेही पाहावे. कारण टोमॅटोला रात्रीचा गारवा लागतो, तो काही ठरावाने मिळत नाही. मांडवाखालच्या मजुरांची तालुकावार नोंद व्हावी आणि त्यांच्या कामाच्या जागेचे तापमान मोजले जावे.

आणि या सर्वांच्या आधी एक काम कोणत्याही कार्यकर्त्याला उद्याच करता येण्याजोगे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज टाकून गेल्या दहा वर्षांतल्या पॉलिहाऊस आणि शेडनेटच्या लाभार्थ्यांची यादी मागावी: नाव, गाव, एकूण जमीन, अनुदानाची रक्कम, पुरवठादार, आणि तो मांडव आज उभा आहे की नुसते लोखंड उरले आहे. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी.